दहावी-बारावीच्या वयात लेकरू खचलं, तर काय करायचं

"मॅडम, आत्ता औषधं नकोत. नीट होऊ द्या, मग बघू."

लातूरमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना आई-वडिलांच्या तोंडून हे वाक्य मी जितकं ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नाही. नीट म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा, ती मे महिन्यात असते. मूल दिवाळीच्या आसपासच आजारी पडलेलं असतं. मधले सहा-सात महिने ते आजार अंगावर काढत अभ्यास करतं, मार्क आणखी घसरतात, आणि त्या घसरलेल्या मार्कांवरून घरात पुन्हा बोलणी बसतात. हे होऊ नये, म्हणून पहिल्या शंकेपासून बरं होईपर्यंत काय काय करायचं ते मी इथे लिहिते आहे. उदाहरणं माझ्या कामातली आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी ओळखा

या वयातलं डिप्रेशन पुष्कळदा रडत येत नाही, चिडत येतं. मोठ्या माणसाचा चेहरा उतरतो. पंधरा-सोळा वर्षांचं पोर मात्र अंगावर धावून येतं, दार आपटतं, ताट ढकलून देतं. म्हणून घरचे म्हणतात, "हल्ली उद्धट झालाय." उद्धटपणा आणि आजार यांत फरक करायचा, तर मागचे दोन आठवडे डोळ्यांसमोर आणा. बहुतेक दिवस, दिवसभर उदास किंवा चिडचिडं राहणं, पूर्वी आवडायच्या गोष्टींतून मन उडणं, झोप आणि भूक बिघडणं, अंगात त्राण नसणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा एका जागी बसवत नसणं, "मी कुणाच्या कामाचा नाही" असं बोलणं, मरणाचे विचार. यातल्या पाचेक गोष्टी दोन आठवडे एकत्र दिसल्या, त्यात उदासी-चिडचिड किंवा मन उडणं असेल, आणि रोजचं जगणं त्यामुळे अडायला लागलं असेल, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. मरणाचे विचार असतील तर मात्र बाकीचं मोजत बसू नका. ती एक गोष्टही आजच दाखवायला पुरे आहे.

तुलना करायची ती त्याच मुलाच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी. शेजारच्या मुलाशी नाही. मुळात अबोल असलेला मुलगा गप्प बसला तर काळजीचं काही नाही, पण चुलतभावाच्या हळदीत सगळ्यांच्या पुढे नाचणारी मुलगी लग्नाला आलीच नाही, किंवा आली तरी पूर्ण वेळ खोलीत पडून राहिली, तर विचारा.

मूल होस्टेलवर किंवा खोली करून राहत असेल तर हे सगळं फोनवरून समजून घ्यावं लागतं. उदगीर, अहमदपूर, पार नांदेड-धाराशिवकडूनही इथे नीटच्या क्लाससाठी पोरं येतात. आईचा रोज रात्री फोन असतो. "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "चाललाय." "ठेवू?" "ठेव." एवढ्या बोलण्यातून काहीच कळत नाही. मेसच्या डब्यातलं किती परत जातं, हे रूम पार्टनरला विचारा. अंघोळ, कपडे, खोलीतला पसारा हे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येऊन बघा. पोट दुखतं, डोकं दुखतं म्हणून क्लास बुडायला लागला आणि तपासण्यांत काही सापडलं नाही, तर तीही एक खूण समजा.

आणखी एक गोष्ट मी नेहमी मागते, ती म्हणजे टेस्ट सिरीजचे जुने पेपर. एका मुलीचे सहा पेपर आम्ही टेबलावर ओळीने मांडले होते. पहिल्या दोनमध्ये चुका होत्या, पण पेपर पूर्ण सोडवलेला. तिसऱ्यापासून बायोलॉजीचा सुरुवातीचा भाग बरोबर आणि त्यापुढे कोरं. शेवटच्या पेपरात एकाच प्रश्नाखाली तीनदा रेघ मारलेली, उत्तर नाही. तिला येत होतं. पण एकच ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नव्हती. वडील म्हणत होते की मार्क कमी पडले म्हणून ती खचली. पेपर सांगत होते की आधी ती आजारी पडली आणि मार्क नंतर गेले. हा क्रम समजला की घरातली निम्मी बोलणी थांबतात.

कारण एक नसतं

"आम्ही काय कमी केलं?" असं आई-वडील विचारतात, तेव्हा त्यांना एक उत्तर हवं असतं. एक उत्तर बहुधा नसतंच. काही भाग रक्तातून येतो. आई किंवा वडिलांना डिप्रेशन झालेलं असेल तर मुलाला ते होण्याची शक्यता दुपटी-तिपटीने वाढते. एका कुटुंबात वडील ठामपणे म्हणाले, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." दुसऱ्या वेळी आजी सोबत आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मोठा नव्हता का, चार महिने माळवदाच्या खोलीत बसलेला?" त्या चुलत्यावर कधी उपचार झालेच नव्हते, म्हणून घराच्या लेखी तो आजारही नव्हता. तेव्हा डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. कुणी दारूत बुडालं, कुणी जीव दिला, कुणी एकाएकी फार उत्साहात येऊन पैसे उधळले आणि रात्र-रात्र जागलं, हे सगळं सांगा. यातली शेवटची गोष्ट तर हमखास सांगा, कारण बायपोलर आजाराची (उदासी आणि अति उत्साह आलटून-पालटून येण्याची) शंका असेल तर औषध वेगळं निवडावं लागतं.

शरीराकडेही बघा. थायरॉइड कमी काम करत असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल, तर थकवा, सुस्ती आणि उदासी हुबेहूब डिप्रेशनसारखी दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मेसचं जेवण, पाळीतला रक्तस्राव आणि सकाळी न खाता गाठलेला क्लास हे सगळं एकत्र आलं की काय होतं ते मी बघते. रक्ताच्या या तपासण्या साध्या आहेत, आधी करून घ्या. पण हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून "चला, मनाचं काही नव्हतं" असं ठरवून टाकू नका. दोन्ही एकत्र असू शकतं.

झोपेचंही तसंच. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही. पहाटेची बॅच आणि रात्रीचा अभ्यास यांच्यामध्ये पोरांना पाच तास मिळतात. मोबाइलवर सगळं खापर फोडायची घाई करू नका. खचलेलं मूल पुष्कळदा मोबाइलमध्ये लपतं. त्याच्या हातून फोन हिसकावला तर रात्री ज्या एका मित्राशी ते बोलत होतं, तोही तुटतो. रात्री फोन खोलीबाहेर ठेवायचा, एवढा एक नियम करा, आणि तो घरातल्या मोठ्यांनीही पाळायचा.

बाकीची कारणं विचारल्याशिवाय कळत नाहीत. घरातली भांडणं, वडिलांचं कर्ज, वर्गातली छळवणूक, जातीवरून किंवा आरक्षणावरून मारलेले टोमणे, तुटलेलं प्रेम, मुलगा असून मुलगे किंवा मुलगी असून मुली आवडतात याची भीती, आणि लैंगिक अत्याचार. शेवटचं काही समोर आलं तर मुलावर विश्वास ठेवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, १०९८ वर मुलांसाठीची मदत मिळते. पंधराव्या वर्षी घर सोडून अनोळखी गावात राहणं, हेसुद्धा पुरेसं ओझं असतं. रिपीटर, म्हणजे परीक्षा पुन्हा देणाऱ्या मुलांवर ते दुप्पट असतं, कारण सोबतचे मित्र पुढे गेलेले असतात.

बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. साठ मुलांच्या वर्गात हिशेब केला तर ती चार मुलं होतात. तुमचं लेकरू एकटं नाही, आणि तुम्हीही नाही.

बोलायचं कसं

समोर बसवून, आई-वडील-मामा असे तिघे मिळून बोललात तर ती चौकशी होते. गाडीवर मागे बसलेलं असताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर, नजरेला नजर भिडवावी लागत नाही अशा ठिकाणी बोला. कुणी एकानेच बोलायचं. जे दिसलं तेच सांगायचं: "गेले पंधरा दिवस तू नीट जेवत नाहीस, रात्री जागी असतेस. मला काळजी वाटते. काय होतंय?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं, विशेषतः वडिलांना. पाच मिनिटं उत्तर आलं नाही तरी चालेल. "सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, मी आहे," म्हणा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

"तुला काय कमी आहे", "आमच्या वेळी तर चप्पलसुद्धा नव्हती", "त्या अमक्याची मुलगी बघ", ही वाक्यं खरी असली तरी बोलू नका. मुलाला ती आधीच पाठ असतात, आणि रात्री ते स्वतःला तीच ऐकवत असतं.

मरणाबद्दल सरळ विचारा. "जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, असं पालकांना वाटतं. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं सैल होतात. उत्तर "हो" आलं तर ओरडू नका, रडून शपथा घालू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली औषधं, आणि शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध, कुलपात किंवा घराबाहेर दुसऱ्याकडे ठेवायचं. ती तीव्र वेळ पुष्कळदा थोड्या तासांची असते, आणि तेवढ्यात हाताशी काही नसणं जीव वाचवतं. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, रात्र असेल तर मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर २४ तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.

कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदवी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर. औषध तेच देतात. मानसशास्त्रज्ञ आणि माझ्यासारखे समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, आम्ही औषध देऊ शकत नाही. कुणी समुपदेशक गोळ्या सांगायला लागला तर तिथून उठा. कुठे सुरुवात करावी कळत नसेल तर तुमचे नेहमीचे डॉक्टर चालतील. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथेही जाता येतं.

जाताना दोन आठवड्यांच्या नोंदी कागदावर लिहून न्या: झोपेचे तास, जेवण, किती दिवस क्लास बुडाला, काय बोललं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत ठेवा, त्यात आयुर्वेदिक आणि जिमची पावडरही आली. आणि डॉक्टरांनी मुलाला एकट्याने भेटायचं म्हटलं तर बाहेर थांबा. तुमच्यासमोर ते सिगारेटचं, प्रेमाचं, मरणाचं काहीच बोलणार नाही.

"उद्या लग्नाला, नोकरीला अडचण येईल." मुलींच्या बाबतीत ही भीती जास्त असते, आणि म्हणून मुलींचे उपचार जास्त लांबतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलेलं आहे. कॉलेजला किंवा नातेवाइकांना डॉक्टर कळवत नाहीत.

काही घरं आधी देवाकडे जातात. श्रद्धा असेल तर जरूर जा, पण गोळी बंद करून नाही. आणि जिथे मारहाण, उपाशी ठेवणं, साखळी, धुरी असला प्रकार असेल, तिथून मुलाला ताबडतोब बाहेर काढा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी प्रकारांवर गुन्हा दाखल होतो.

उपचारात प्रत्यक्ष काय होतं

आजार सौम्य असेल तर समुपदेशन, झोप, व्यायाम यांवर काही आठवडे लक्ष ठेवून बघता येतं. मध्यम किंवा तीव्र असेल तर बोलण्याचे उपचार आणि औषध एकत्र द्यायचं की काय, हे डॉक्टर ठरवतात. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. १२ आठवड्यांनंतर औषध आणि विचार-वर्तन उपचार (बोलण्याच्या उपचारांचा एक प्रकार) दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ४३, आणि औषध नसलेल्या गोळीने ३५ टक्के. म्हणून मी स्वतः समुपदेशक असूनही, तीव्र आजारात "आधी नुसतं बोलून बघू" असं सांगत नाही.

विचार-वर्तन उपचारात आम्ही वही घालतो. मघाच्या सहा पेपरांच्या मुलीने पहिल्या पानावर लिहिलं होतं: "२८० आले. माझं काहीच होणार नाही." शेजारच्या रकान्यात तिने पुरावे लिहायचे होते, या वाक्याच्या बाजूने आणि विरुद्ध. बाजूने एकच ओळ आली. विरुद्ध बाजूला चार: दहावीचा निकाल, केमिस्ट्रीत अजून बरे मार्क, धाकट्या भावाला शिकवते, दिवाळीआधी ४५० होते. मग नवीन वाक्य: "मला आत्ता बरं नाही, म्हणून २८० आले." यात "सगळं छान होईल" असं काही नाही, फक्त खरं आहे तेवढं आहे. दुसरा भाग कामांचा. मन लागल्यावर करू म्हटलं तर दिवस जातात, म्हणून आधी करायचं. सकाळी आठच्या आत अंघोळ, मैत्रिणीबरोबर वीस मिनिटं चालणं, आईला एक फोन. प्रत्येकापुढे शून्य ते दहामध्ये किती बरं वाटलं ते लिहायचं. सुरुवातीला सगळीकडे एक आणि दोन होते. चालण्यापुढे चार आला, तेव्हा आम्ही चालणं वाढवलं.

औषधांत या वयासाठी फ्लुओक्सेटिन सगळ्यात जास्त अभ्यासलेलं आहे, एस्सिटालोप्रामही देतात. ही झोपेची औषधं नव्हेत आणि यांची सवय लागत नाही. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल होऊ शकतो. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण यायला सहा ते आठ. दहा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडणारी घरं पुष्कळ आहेत.

एक धोका उघडपणे सांगायला हवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये इशारा दिला, की ही औषधं घेणाऱ्या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं ४ टक्क्यांत दिसलं, औषध नसलेल्या गोळीवर २ टक्क्यांत. त्या अभ्यासांत कुणाचा मृत्यू झाला नव्हता. म्हणून औषध नाकारायचं नाही, पण पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना मूल डोळ्यांसमोर ठेवायचं. एकदम अस्वस्थ झालं, झोप पूर्ण उडाली, मरणाचं बोलायला लागलं किंवा अचानक भलतंच उत्साही झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. या काळात ते होस्टेलपेक्षा घरी असलेलं चांगलं. गोळ्या आईच्या ताब्यात.

बरं वाटल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्ष चालतं, आणि बंद करताना डॉक्टर हळूहळू कमी करतात. मेडिकलवाल्याकडून स्वतः आणू नका, मावशीच्या गोळ्यांतली अर्धी देऊ नका.

क्लास, परीक्षा आणि घर

"क्लास सोडायचा का?" हा निर्णय पहिल्या महिन्यात घेऊ नका. आजारी मन सगळंच सोडायला निघतं. आधी ओझं कमी करा: दोन टेस्ट सोडा, पहाटेची बॅच बदला, पंधरा दिवस घरी आणा. क्लासमध्ये एकाच विश्वासाच्या सरांना सांगा. पुढेही झेपत नसेल तर वर्ष सोडायला घाबरू नका. नीटला कमाल वयाची अट २०२२ पासून राहिलेली नाही. फी अडकली म्हणून मूल तिथेच ठेवणारे पालक मला भेटतात. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत, मूल मध्येच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी असं म्हटलं आहे. ती प्रत दाखवून लेखी अर्ज करा.

घरात रोज सगळे एका वेळेला जेवा, एवढं तरी ठेवा, आणि जेवताना मार्क नाहीत. धाकट्या भावंडांना त्यांच्या वयाला झेपेल तसं सांगा, त्यांना वाटत असतं की आपल्यामुळेच ताई चिडते. आईला स्वतःलाच झोप येत नसेल, रडू येत असेल, तर तिचाही केसपेपर काढा.

एका डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी मुलाचं जमलं नाही तर दुसरीकडे जा, पण मधल्या काळात औषध खंडू देऊ नका. हा आजार परत येऊ शकतो. म्हणून बरं असतानाच मुलाबरोबर बसून, आजार सुरू होताना त्याच्यात आधी काय बदललं होतं ते लिहून काढा. त्या मुलीच्या कागदावर तीन गोष्टी आहेत: डबा परत जाणं, पेपर अर्धा सोडणं, मैत्रिणीबरोबर चालायला नाही म्हणणं. यातल्या दोन एका आठवड्यात दिसल्या की आईने तिला न विचारता डॉक्टरांची वेळ घ्यायची, असं तिने स्वतःच खाली लिहून सही केली आहे.